कामाची आणि प्रवासाची इंग्रजी

भाषेची परीक्षा ही वर्धेकरांना नवी गोष्ट नव्हे. १९३६ साली येथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, आणि तिच्या हिंदीच्या परीक्षांमुळे वर्ध्याचे नाव अहिंदी प्रांतांतल्या हजारो घरांत प्रमाणपत्राच्या कागदावरून पोहोचले. आता काळाने थोडी बाजू बदलली आहे. आज याच जिल्ह्यातील तरुण मुले-मुली दुसऱ्यांनी घेतलेल्या भाषेच्या परीक्षेला बसतात, आणि ती भाषा इंग्रजी असते. कोणाला परदेशी शिक्षणासाठी जायचे असते, कोणाला तिकडे नोकरी करायची असते. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मुली तर पुष्कळच असतात.

या परीक्षांपैकी 'आयेल्ट्स' ही सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग असतात. आरोग्यसेवेतील लोकांसाठी ऑस्ट्रेलियात सुरू झालेली 'ओईटी' नावाची वेगळी परीक्षा आहे. तीत परिचारिकेला रुग्णाशी किंवा त्याच्या नातेवाइकांशी बोलून दाखवावे लागते. नाव कोणतेही असो, बोलण्याच्या परीक्षेत तुम्ही काय काम करता, कोठे जाता, कसे जाता हे विषय पुन्हा पुन्हा येतात. आयेल्ट्सच्या बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या भागांत शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन असते. तेव्हा कामाचे आणि प्रवासाचे शब्द नीट येणे ही परीक्षार्थीची पहिली गरज आहे. या परीक्षेची फी मोठी असते. कित्येक घरांत ती कापसाच्या पैशातून किंवा कर्जातून भरली जाते. अपयश आले तर फी जातेच, पण मुलीचे एक वर्षही जाते. म्हणून हा विषय करमणुकीचा मानून चालणार नाही.

पण हे शब्द मिळवायचे कसे? प्रचलित मार्ग पाठांतराचा आहे. बाजारातून 'एक हजार शब्द' असे पुस्तक आणायचे आणि रोज वीस शब्द घोकायचे. आमचे म्हणणे असे की, हा मार्ग लांबचा आहे आणि फारसा उपयोगाचाही नाही. यादीतला शब्द एकटा येतो आणि एकटाच विसरला जातो. शिवाय पाठ केलेले उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येते आणि त्याचे गुण मिळत नाहीत. जवळचा मार्ग आपल्या मराठीतून जातो. आपल्या जिल्ह्यातील साध्या माणसाच्या तोंडी कामाचे व प्रवासाचे पुष्कळ इंग्रजी शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ते नीट निवडून तीन ढीग करावेत: जे जसेच्या तसे चालतात ते, ज्यांचा पोशाख तोच पण अर्थ निराळा असे, आणि जेथे मराठीच्या एका शब्दासाठी इंग्रजीला चार लागतात ते. ही निवड केली की अर्धे काम झाले.

आपल्याजवळ असलेले शब्द

१८६७ साली मुंबईकडून आलेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. तिने माल आणि माणसे वाहिली, तसे शब्दही वाहून आणले. तिकीट, सिग्नल, इंजिन, लगेज, वेटिंग रूम, प्लॅटफॉर्म हे शब्द ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही त्यालाही येतात. हे सगळे परीक्षेत जसेच्या तसे चालतात. सेवाग्राम स्थानकाला पूर्वी वर्धा पूर्व म्हणत. तेथे नागपूरकडून येणारा मार्ग फुटतो. एक फाटा मुंबईकडे, दुसरा बल्लारशाहवरून दक्षिणेकडे जातो. ज्याला येथे गाडी बदलावी लागते त्याला 'चेंज' आणि 'कनेक्शन' या शब्दांचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. विमानाच्या प्रवासात 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' असे दोन शब्द येतात, तेव्हा विद्यार्थी गोंधळतात. पण एसटीच्या पाटीवर 'विनाथांबा' लिहिलेले त्यांनी वाचलेले असते. 'नॉनस्टॉप' म्हणजे विनाथांबा. 'डायरेक्ट' म्हणजे थेट, वाटेत थांबेल, पण आपल्याला उतरून दुसऱ्यात बसावे लागणार नाही.

कामाच्या शब्दांचे भांडार कापसाने भरले आहे. रेल्वे आल्यानंतर वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या गावी जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. 'जिन' हा शब्द 'इंजिन' याचेच अग्र तुटून झालेला आहे. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत १७९४ मध्ये एलि व्हिटनी याला मिळाले, आणि त्या यंत्राचे नाव आपल्या गावांच्या पत्त्यांत जाऊन बसले. कापसाचा सबंध प्रवास इंग्रजीत पाच क्रियापदांत सांगता येतो: वेचणे म्हणजे 'पिक', सरकी काढणे म्हणजे 'जिन', पिंजणे म्हणजे 'कार्ड', कातणे म्हणजे 'स्पिन', विणणे म्हणजे 'वीव्ह'. 'स्पिनर' हा शब्द मुलांना क्रिकेटमुळे येतो. सूत कातणाराही स्पिनरच, हे सांगितले की तो दुसऱ्यांदा विसरत नाही. कापसाची बांधलेली गाठ म्हणजे 'बेल'. आपल्याकडे ती १७० किलोची धरतात. शेतकऱ्याच्या मुलाला परीक्षकाने घरच्या कामाविषयी विचारले आणि त्याने ही पाच क्रियापदे क्रमाने वापरली, तर त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकातले वाटणार नाही. ते त्याचे स्वतःचे असेल.

पोशाख तोच, माणूस निराळा

दुसरा ढीग धोक्याचा आहे. येथे शब्द ओळखीचा असतो, म्हणूनच विद्यार्थी फसतो. 'मी २०१८ साली पास आऊट झाले' हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येते. तेच इंग्रजीत तिकडच्या माणसाला सांगितले तर तो काळजीत पडेल, कारण 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणे. पदवी घेतली या अर्थी 'ग्रॅज्युएट' हे क्रियापद वापरावे. परिचारिकेने तर हा भेद विशेष लक्षात ठेवावा. तिच्या परीक्षेत रुग्ण खरोखरच 'पास आऊट' झालेला असू शकतो.

'साहेब आऊट ऑफ स्टेशन आहेत' हे कचेरीतले आवडते वाक्य. परदेशी ऐकणाऱ्याला स्टेशन म्हणजे रेल्वेचे स्थानक एवढेच कळते. गावाबाहेर या अर्थी 'आऊट ऑफ टाऊन' किंवा नुसते 'अवे' म्हणावे. साहेब 'टूरवर' असतात तेही असेच. त्यांच्याकडे 'टूर' म्हणजे बहुधा प्रेक्षणीय स्थळांची सहल. कामानिमित्तचा दौरा म्हणजे 'बिझनेस ट्रिप'. 'मी सर्व्हिस करतो' असे आपण नोकरीविषयी म्हणतो. परदेशात त्यावरून माणूस मोटारी दुरुस्त करतो असाही समज व्हायचा. तेथे 'आय वर्क' हे दोन शब्द पुरेत.

हॉटेलचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. आपण हॉटेलात चहा पितो आणि लॉजवर मुक्काम करतो. इंग्रजीत हॉटेल ही मुक्कामाची जागा. चहासाठी 'कॅफे', जेवणासाठी 'रेस्टॉरंट' आणि आपण ज्याला पार्सल म्हणतो त्याला इंग्लंडात 'टेकअवे' म्हणतात. रेल्वेच्या डब्याला आपण बोगी म्हणतो. इंग्रजीत 'बोगी' म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, आणि डबा म्हणजे 'कोच' किंवा 'कॅरेज'. मोटारीच्या मागच्या डिकीला इंग्लंडात 'बूट' आणि अमेरिकेत 'ट्रंक' म्हणतात. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. तो शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथल्या एका कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी असे चाक विकायला काढले होते. तिकडे हा शब्द बहुतेक विसरला गेला आणि आपल्या गॅरेजांत टिकून राहिला. परीक्षेत मात्र 'स्पेअर व्हील' म्हणावे.

हे आपले शब्द चुकीचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. भारतात ते बरोबरच आहेत आणि येथल्या व्यवहारात उपयोगीही आहेत. रेल्वेनेही २०२२ साली गार्डला 'ट्रेन मॅनेजर' असे नवे पदनाम दिले. प्रवासी त्याला गार्डच म्हणतात आणि काम चालते. पण परीक्षा ही दुसऱ्याच्या घरी जाणे आहे, आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर तेथली भांडी कोणत्या फळीवर असतात ते विचारून घ्यावे लागते.

एक मराठी शब्द, चार इंग्रजी

तिसरा ढीग सर्वांत समृद्ध आहे. 'भाडे' हा शब्द घ्या. आपण घराचे भाडे देतो, एसटीचे भाडे देतो, मंडपाचे भाडे देतो आणि मालट्रकचेही भाडे देतो. इंग्रजी या चार ठिकाणी चार शब्द वापरते. घराचे ते 'रेंट', प्रवाशाने द्यावयाचे ते 'फेअर', वस्तू थोड्या वेळेपुरती घेतली तर 'हायर', आणि मालाच्या वाहतुकीचे ते 'फ्रेट'. यांतील 'फेअर' हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'जाणे, प्रवास करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला. 'फेअरवेल' हा शब्द आपल्या सर्व कचेऱ्यांत निवृत्तीच्या दिवशी ऐकू येतो. त्याचा मूळ अर्थ 'सुखाने जा' असाच आहे. प्रवासाचे भाडे आणि निरोपाचा समारंभ हे असे एकाच कुळातले निघतात.

'गाडी' या शब्दाचेही तसेच. बैलाची, रेल्वेची, मोटारीची आणि दोन चाकांची, सगळ्या आपल्याला गाड्याच. इंग्रजीत 'ट्रेन', 'कार', 'बस', 'बाईक' असे नाव घेतल्याशिवाय वाक्य पुढे जात नाही. आणि नाव घेतल्यावर त्याच्या मागचे अव्यय बदलते. ज्या वाहनात उभे राहून चालता येते, जसे बस, रेल्वे, जहाज, विमान, त्यावर आपण 'गेट ऑन' होतो आणि त्यातून 'गेट ऑफ' होतो. ज्यात वाकून बसावे लागते, जसे मोटार किंवा टॅक्सी, त्यात 'गेट इन' आणि त्यातून 'गेट आऊट'. हा नियम एकदा डोळ्यांपुढे आला की पाठ करावा लागत नाही.

पण सर्वत्र मराठी गरीब आणि इंग्रजी श्रीमंत असे समजू नये. मजुरी आणि पगार हा भेद आपल्याकडे स्पष्ट आहे, आणि इंग्रजीतील 'वेजेस' आणि 'सॅलरी' यांच्याशी तो बराच जुळतो. दिवसाच्या किंवा आठवड्याच्या हिशेबाने मिळते ती मजुरी, महिन्याच्या ठरावाने मिळतो तो पगार. ('पगार' हा शब्दही मूळचा पोर्तुगीज, तेथे त्याचा अर्थ 'पैसे देणे' असा आहे.) रजा आणि सुट्टी यांतला भेदही आपल्याला ठाऊक आहे. साहेबांकडून मागून घ्यावी लागते ती रजा, म्हणजे 'लीव्ह'. सर्वांनाच मिळते ती सुट्टी, म्हणजे 'हॉलिडे'. नोकरी सुटण्याचे प्रकार घ्या. स्वतः सोडली तर राजीनामा, म्हणजे 'रिझाइन'. वय झाले म्हणून सुटली तर निवृत्ती, म्हणजे 'रिटायर'. दोष ठेवून काढले तर बडतर्फी, म्हणजे 'डिसमिस'. आणि कामच उरले नाही म्हणून काढले तर कपात, म्हणजे इंग्लंडातील 'रिडंडन्सी'. हिंगणघाट आणि पुलगावच्या कापड गिरण्यांतून ज्यांच्या वडिलांनी काम केले, त्यांना या चारांतला फरक कोणत्याही कोशाने सांगायला नको. म्हणून आम्ही म्हणतो की आधी मराठीतला भेद मनात स्पष्ट करा; इंग्रजी शब्द त्या खुंटीवर आपोआप अडकतो.

'लागणे' आणि 'गेट'

शब्दापेक्षा वाक्यात अधिक अडखळायला होते. आपले 'लागणे' हे क्रियापद पाहा. मुलाला नोकरी लागली. गाडी फलाटाला लागली. मला गाडी लागते. नागपूरला जायला दीड तास लागतो. तिकीट लागेल. एकच क्रियापद, पाच अर्थ. जो विद्यार्थी मनात मराठी वाक्य करून शब्दाला शब्द लावतो तो येथे पुरता अडकतो. इंग्रजीत मुलाला नोकरी लागत नाही, तो ती मिळवतो: 'ही गॉट अ जॉब'. गाडी लागली म्हणजे 'द ट्रेन इज इन'. मला गाडी लागते म्हणजे 'आय गेट कारसिक'. दीड तास 'टेक्स' होतो, आणि तिकीट 'नीड' होते.

आता गंमत अशी की इंग्रजीचेही एक 'लागणे' आहे, ते म्हणजे 'गेट'. नोकरी मिळणे, गाडीत चढणे, घरी पोहोचणे, परत येणे, आजारी पडणे, पगारवाढ मिळणे, या सर्वांना 'गेट' चालते. मराठी शिकणारा परदेशी माणूस 'लागणे' पाहून जसा घाबरतो, तसेच आपले विद्यार्थी 'गेट' पाहून घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. 'गेट'ची आठ-दहा वाक्ये आपल्या रोजच्या दिनक्रमातून तयार करावीत: सकाळी बसमध्ये चढते, दवाखान्यात पोहोचते, सहाला परत येते. एवढ्याने ते क्रियापद हाताशी येते.

आणखी एक सूक्ष्म भेद सांगण्यासारखा आहे. आपण म्हणतो, 'गाडी चुकली'. चूक जणू गाडीची. इंग्रजी म्हणते, 'आय मिस्ड द ट्रेन'. तेथे कर्ता प्रवासी आहे. 'उशीर झाला' असे आपण म्हणतो. तेथे 'आय ॲम लेट' म्हणावे लागते. मराठीत पुष्कळ गोष्टी आपल्या बाबतीत घडतात. इंग्रजीत त्या बहुधा आपण करतो. कामावरील अडचणीविषयी तक्रारीचे किंवा क्षमेचे पत्र लिहिताना हा भेद विसरला तर शब्द सगळे बरोबर असूनही वाक्य लंगडते.

शब्दांची संगत

इंग्रजी शब्द कोणाच्या संगतीत राहतो हेही पाहिले पाहिजे. 'वर्क' हा शब्द घ्या. मी परिचारिका म्हणून काम करते: 'वर्क ॲज'. अमुक संस्थेकडे काम करते: 'वर्क फॉर'. बालरुग्ण विभागात काम करते: 'वर्क इन'. मराठीत जे काम 'म्हणून', 'कडे' आणि 'त' करतात तेच इंग्रजीत ही लहान अव्यये करतात. 'वर्क' याचे अनेकवचन या अर्थी होत नाही; 'जॉब' याचे होते. 'लगेज', 'इक्विपमेंट', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' हेही एकवचनीच राहतात. सामान कितीही असो, आपणही 'सामाने' म्हणत नाही. तोच न्याय येथे लावावा.

ऐकण्याच्या भागात ध्वनिमुद्रण एकदाच वाजते, आणि उत्तराचे स्पेलिंग चुकले तर गुण जातो. तेव्हा काही शब्द हाताने लिहून पक्के करावेत. 'अकॉमोडेशन' यात सी दोनदा आणि एमही दोनदा येतो. 'रिसीट' म्हणजे पावती. तिच्यातला 'पी' लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. 'कलीग' म्हणजे सहकारी. त्याच्या शेवटी 'यू' आणि 'ई' ही दोन अक्षरे मुकी बसलेली असतात. इंग्लंडचे आणि अमेरिकेचे स्पेलिंग यांपैकी कोणतेही चालते, पण लेखनात एकच धरावे.

येथे आम्हांला दोन शब्दांचे मूळ सांगावेसे वाटते, कारण कामाचा आणि प्रवासाचा विषय परीक्षेत शेजारी शेजारी येतो तो केवळ योगायोग नाही. 'ट्रॅव्हल' हा शब्द 'ट्रॅव्हेल' म्हणजे कष्ट या शब्दापासून निघाला. जुन्या काळी प्रवास म्हणजे कष्टच होते. 'जर्नी' हा फ्रेंचमधील दिवसवाचक शब्दापासून आला. एका दिवसात होईल तेवढी वाट आणि एका दिवसात होईल तेवढे काम, असे त्याचे दोन्ही अर्थ होते. म्हणून रोजावर काम करणाऱ्या कारागिराला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणत. आपल्याकडेही एका दिवसाच्या वाटेला 'मजल' आणि एका दिवसाच्या कामाला 'रोज' म्हणतातच. दूर देशांतील माणसांनीही दिवसाच्या मापाने वाट मोजली आणि श्रमही मोजले.

वर्ध्याची जुनी शिकवण

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे शिक्षण सर्वांना मोफत मिळावे, ते मातृभाषेतून द्यावे आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असा विचार तीत मांडला गेला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. पुढे ती नयी तालीम म्हणून ओळखली गेली. त्या योजनेत इंग्रजीला स्थान नव्हते, हे खरे. तरी इंग्रजी शिकणाऱ्यानेही तिच्यापासून एक गोष्ट घ्यावी: ज्ञान हाताच्या कामातून आले म्हणजे टिकते. टकळीवर सूत कातता कातता मुले गणित शिकत. तसे आपल्या कामाविषयी बोलता बोलता भाषा शिकता येते.

म्हणून परीक्षार्थीला आमची सूचना थोडक्यात अशी. रोज रात्री दिवसभराच्या कामाची आणि येण्याजाण्याची पाच वाक्ये आधी चांगल्या मराठीत लिहावी. मग तीच इंग्रजीत, शब्दाला शब्द न लावता, अर्थाला अर्थ लावून लिहावी. जेथे अडेल तेथे कोश पाहावा आणि सापडलेला शब्द त्या वाक्यासकटच वहीत नोंदवावा. नंतर ती मोठ्याने म्हणावी, आणि घरच्या कोणाला तरी मराठीत समजावून सांगावी. आयेल्ट्समध्ये एका विषयावर तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटे मिळतात. ज्याने तीन महिने रोज पाच वाक्ये केली त्याच्याजवळ साडेचारशे वाक्ये जमतात, आणि ती सर्व त्याच्या आयुष्यातली असतात. दोन मिनिटांना तेवढी पुरून उरतात.

आपल्या मुलामुलींना इंग्रजी येत नाही, असे पालक फार लवकर म्हणून टाकतात. त्या मुलींना रुग्णाची पाठ कशी वळवावी, ताप कसा नोंदवावा हे येते. त्या मुलांना कापसाचा धागा बोटांत धरून त्याची लांबी सांगता येते. ज्ञान त्यांच्याजवळ आहे. कमी आहे ती नावाची. आणि नावे शिकता येतात. मातृभाषेत ज्याचे काम स्पष्ट आहे, त्याला परभाषेत ते सांगायला उशीर लागेल, पण अशक्य होणार नाही.